एक भाषा, तीन पासपोर्ट : इंग्रजी कथांमधले परदेशातले नेपाळी

मॅनहॅटनमध्ये दोन तरुण माणसांची गाठ पडते. दोघांची मातृभाषा नेपाळी. त्याची नोकरी बरी, इंग्रजी सफाईदार. ती हॉटेलात राबणारी, इंग्रजी बोलताना अडखळणारी. तिने त्याच्याकडे स्वयंपाक करायचा आणि त्याने तिला इंग्रजी शिकवायचं, असं ठरतं. परक्या शहरात एकमेकांना धरून राहणाऱ्या दोन देशबांधवांची ही गोष्ट आहे असं आपण समजून चालतो. पण ते देशबांधव नाहीतच. तो भारतातला नेपाळीभाषक, ती नेपाळची. प्रज्ज्वल पराजुली यांच्या ‘द गुरखाज डॉटर’ (२०१२) या संग्रहातली ‘द इमिग्रंट्स’ ही कथा या फरकावर उभी आहे, आणि परदेशातल्या नेपाळी माणसांवरचं इंग्रजी कथासाहित्य समजून घ्यायला हीच जागा मला सगळ्यात योग्य वाटते.

स्थलांतरितांच्या साहित्यात घराची ओढ असते, पहिल्या बर्फाचं अप्रूप असतं, आईच्या हातच्या जेवणाची आठवण असते. नेपाळी लेखकांच्या इंग्रजी कथांतही ते आहे, पण त्या कथांची ताकद तिथे नाही. आपल्याच माणसांत कोण वरचा आणि कोण खालचा, कोणाचे कागद भक्कम आणि कोणाचे कच्चे, हे या कथा फार बारकाईने दाखवतात. परदेशात गेल्यावर जुनी उतरंड मोडत नाही. तिची नव्याने मांडणी होते, आणि त्या मांडणीत माणसं आपापली जागा चाचपडत राहतात.

हे कळायला आधी ‘नेपाळी’ म्हणजे कोण ते पाहावं लागतं. नेपाळी ही भाषा नेपाळच्या सरहद्दीपाशी थांबत नाही. दार्जिलिंगच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात चहाचे मळे उभे राहिले तेव्हा पूर्व नेपाळमधून मोठ्या संख्येने मजूर तिथे आले आणि कायमचे राहिले. सिक्कीममध्ये आज सर्वाधिक बोलली जाणारी भाषा नेपाळी आहे, आणि ते राज्य १९७५ पासून भारतात आहे. १९९२ मध्ये ७१ व्या घटनादुरुस्तीने नेपाळी भाषा आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, म्हणजे मराठीइतकीच तीही घटनेने मानलेली भारतीय भाषा आहे. तरीही दार्जिलिंगच्या माणसाला दिल्लीत किंवा मुंबईत ‘नेपाळहून कधी आलास?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. १९८० च्या दशकात स्वतंत्र गोरखालँड राज्याची चळवळ पेटली, तिच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हा सलही होता. पूर्वेला भूतानच्या दक्षिण पट्ट्यात नेपाळीभाषकांचा आणखी एक मोठा समाज पिढ्यान् पिढ्या शेती करत आला. त्यांचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

म्हणजे भाषा एक आणि देश तीन. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये एका टेबलाभोवती मोमो खात बसलेल्या तीन नेपाळीभाषकांपैकी एकाच्या खिशात भारताचा पासपोर्ट असू शकतो, दुसऱ्याकडे नेपाळचा, आणि तिसऱ्याकडे काही वर्षांपूर्वीपर्यंत कुठलाच नसेल. पराजुली यांना ही गोष्ट आतून माहीत आहे. ते गंगटोकचे, वडील भारतीय, आई नेपाळची. त्यांच्या संग्रहात आठ कथा आहेत आणि त्या नेपाळ, दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिक्कीम, निर्वासित छावणी आणि मॅनहॅटन अशा विखुरलेल्या आहेत. एका देशाचं चित्र रंगवायचं नसून एका भाषेचा पसारा दाखवायचा असेल तर कथासंग्रहच हवा. कादंबरीला एक घर लागतं, एक कुटुंब लागतं. कथासंग्रहात प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची जागा मिळते आणि वाचक मनातल्या मनात त्या जागा एकमेकींना जोडत जातो.

नेपाळी माणूस घराबाहेर पडतो ही गोष्ट नवी नाही. १८१४ ते १८१६ च्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीने नेपाळला हरवलं, सुगौलीचा तह झाला आणि त्याच सुमारास कंपनीने गोरखा सैनिकांची भरती सुरू केली. १९४७ मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार होऊन गोरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनने नेल्या. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, काम करण्याची आणि व्यापार करण्याची मुभा दिली. सरहद्द ओलांडायला आजही व्हिसा लागत नाही. पुढे १९९० नंतर आखाती देश आणि मलेशियाची वाट खुली झाली. १९९६ ते २००६ या काळात माओवाद्यांचं युद्ध चाललं, आणि गावात तरुण मुलगा असणं म्हणजे त्याला एक तर बंडखोर ओढून नेणार किंवा लष्कर संशयावरून उचलणार, अशी वेळ आली. ज्यांना जमलं त्यांनी मुलांना बाहेर धाडलं. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे २२ लाख माणसं परदेशी असल्याची नोंद झाली. एकूण लोकसंख्या तीन कोटींच्याही खाली असलेल्या देशासाठी हा आकडा प्रचंड आहे. बाहेरून येणारा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढा असतो.

नेपाळी भाषेतल्या साहित्याने हे दुःख फार आधी मांडलं होतं. लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांच्या १९३६ च्या ‘मुनामदन’ या खंडकाव्यातला मदन पैसा मिळवायला ल्हासाला जातो आणि घरी बायको मुना त्याची वाट पाहत झिजते. नेपाळमध्ये हे काव्य घरोघरी माहीत आहे. आसामात राहणाऱ्या लीलबहादुर छेत्री यांची १९५७ ची ‘बसाईं’ ही कादंबरी कर्जाच्या ओझ्याखाली गाव सोडावं लागलेल्या कुटुंबाची कथा सांगते. या दोन्हींत जाणं म्हणजे तुटणं आहे, आणि कथानकाचा सगळा भार निघण्यावर आणि मागे राहिलेल्यांवर आहे.

इंग्रजीत लिहिणारे लेखक आले ते पुष्कळ नंतर. सम्राट उपाध्याय काठमांडूत वाढले, एकविसाव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि आता इंडियाना विद्यापीठात शिकवतात. २००१ मध्ये त्यांचा ‘अरेस्टिंग गॉड इन काठमांडू’ हा संग्रह अमेरिकेत निघाला, तेव्हा पश्चिमेत प्रसिद्ध झालेला इंग्रजीतून लिहिणारा पहिला नेपाळी कथाकार म्हणून त्यांचं नाव झालं. लेखक अमेरिकेत बसलेला, पण कथा जवळजवळ सगळ्या काठमांडूतल्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. परदेश त्यात येतो तो परत आलेल्या माणसांच्या रूपाने. अमेरिकेत शिकून आलेली तरुणी काठमांडूत आईसमोर बसते, आणि आईला तिच्या पदवीपेक्षा तिच्या लग्नाची काळजी असते. परत येण्यावर उपाध्याय जितकं चांगलं लिहितात तितकं जाण्यावर क्वचितच कोणी लिहिलं असेल, असं मला वाटतं.

त्यांचा ‘मॅड कंट्री’ (२०१७) हा नंतरचा संग्रह अधिक धाडसी आहे. त्यातल्या एका कथेत अमेरिकेत शिकणारा नेपाळी तरुण फर्ग्युसनच्या आंदोलनाकडे ओढला जातो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मिसुरीतल्या या गावात मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. आशियातून आलेला विद्यार्थी सहसा यात पडत नाही. त्याला शिकायचं असतं, नोकरी हवी असते, व्हिसा जपायचा असतो. गोऱ्या आणि काळ्यांच्या भांडणात आपण कुठे उभे आहोत हा प्रश्न तो टाळत राहतो. उपाध्याय यांनी त्याला तो टाळू दिला नाही, हे या कथेचं मोठेपण. घरी असताना ज्याला आपल्या जातीचा विचार करावा लागला नव्हता, त्याला इथे कातडीचा विचार करावा लागतो.

याच संग्रहात उलट्या दिशेचीही एक कथा आहे. एक अमेरिकन तरुणी काठमांडूत येते आणि नेपाळी होऊ पाहते, नेपाळी नाव घेते. कथेचं नाव ‘फ्रीक स्ट्रीट’, म्हणजे काठमांडूचा झोछेँ हा रस्ता, जिथे १९६० आणि ७० च्या दशकांत हिप्पींचा मुक्काम असे. गोऱ्या मुलीला दुसऱ्या देशाचं होऊन पाहण्याची मोकळीक आहे. नेपाळी मुलाला अमेरिकन होऊन पाहायचं तर आधी दूतावासाच्या खिडकीपुढे रांग लावावी लागते. दोन्ही कथा लागोपाठ वाचल्या की ही विषमता लेखकाने काही न बोलता समोर येते.

मंजुश्री थापा यांचं लेखन मला आणखी जवळचं वाटतं. त्यांचं लहानपण नेपाळ, कॅनडा आणि अमेरिका यांत वाटलेलं. ‘टिल्ड अर्थ’ (२००७) या संग्रहात शिकायला सिएटलला गेलेल्या आणि हळूहळू बेकायदा रहिवासी होऊन बसलेल्या एका मुलीची कथा आहे. हे ‘हळूहळू’ कसं घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे बेकायदा म्हटलं की कुंपणाखालून सरपटत गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण अभ्यासक्रम घेणं बंधनकारक असतं. सत्र चालू असताना काम करता येतं ते मुख्यतः विद्यापीठाच्या आवारात, तेही आठवड्याला २० तास. घरून पैसे यायचे थांबले की फी भरायला बाहेरचं काम धरावं लागतं. काम वाढलं की विषय सोडावे लागतात. विषय सोडले की व्हिसाची अट मोडते. कुठलंही दार फोडलेलं नसतं, कोणाला फसवलेलं नसतं, पण एका सकाळी ती मुलगी कायद्याच्या बाहेर असते आणि रोजचा दिवस कालच्यासारखाच असतो. मोठी घटना न घडता आयुष्य बदलून जाणं हे कथेच्या आकारात फार नेमकं बसतं.

थापा यांची ‘सीझन्स ऑफ फ्लाइट’ (२०१०) ही कादंबरी आहे, तरी तिचा उल्लेख हवाच. तिची नायिका प्रेमा हिला अमेरिकेच्या व्हिसा सोडतीत ग्रीन कार्ड लागतं. ही सोडत खरोखरच होत आली. ज्या देशांतून अमेरिकेत कमी लोक जातात त्या देशांतल्या अर्जदारांमधून २०२५ पर्यंत संगणक दर वर्षी नावं काढत असे. अमेरिकेत जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे भारताला त्यात जागा नव्हती, नेपाळला होती. प्रेमा लॉस एंजेलिसला जाते, काही काळ नेपाळी लोकांमध्ये राहते आणि मग त्यांच्यापासून दूर निघून जाते. घरच्यांपासून नव्हे, तर परदेशातल्या घरच्यांसारख्यांपासून पळणारी ही बाई मला फार खरी वाटली. आपली माणसं आधार देतात आणि नजरही ठेवतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकट्या बाईला कोणते प्रश्न विचारले जातात हे ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना प्रेमाचं दूर जाणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता भूतान. १९८५ चा नागरिकत्वाचा कायदा आणि त्यानंतर १९८८ ची जनगणना यांत दक्षिण भूतानच्या नेपाळीभाषकांना १९५८ पासून आपण इथे राहत असल्याचा कागदी पुरावा मागण्यात आला. एका विशिष्ट पोशाखाची आणि रीतिरिवाजांची सक्ती झाली, शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली, विरोध झाला आणि दडपशाहीही. १९९० च्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास लोक देश सोडून भारतातून नेपाळमध्ये पोचले. नेपाळनेही त्यांना नागरिक मानलं नाही. झापा आणि मोरंग या जिल्ह्यांत बांबूच्या झोपड्यांच्या सात छावण्या उभ्या राहिल्या आणि तिथे जवळजवळ वीस वर्षं गेली. २००७ पासून त्यांचं तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झालं. एक लाखाहून जास्त लोक गेले, त्यांतले बहुतेक अमेरिकेत, ओहायो आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत.

पराजुली यांची ‘नो लँड इज हर लँड’ ही कथा या छावणीतल्या एका बाईची आहे. तिची सगळी आशा पश्चिमेकडच्या पुनर्वसनावर आहे. भूतान म्हणतो तू नेपाळी, नेपाळ म्हणतो तू भूतानी. भाषा तीच, देव तेच, सणही तेच, आणि तरीही छावणीच्या बाहेरच्या गावातला माणूस तिला आपलं म्हणत नाही. या कथेनंतर ‘द इमिग्रंट्स’ वाचली की त्यातल्या तरुणाचं भारतीय असणं किती मोठं भांडवल आहे ते उमगतं. शिवाय ही गोष्ट अजून संपलेली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने तिथे पुनर्वसन झालेल्या या निर्वासितांपैकी काही जणांना भूतानमध्ये परत धाडलं, भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, आणि त्यांतले काही जण भारतातून पुन्हा नेपाळमध्ये येऊन पोचले. ज्या छावणीतून सुटले तिच्याच दाराशी.

संग्रहाला नाव देणारी ‘द गुरखाज डॉटर’ ही कथा एका लहान मुलीच्या डोळ्यांतून दिसते. वडील गोरखा सैनिक होते, आणि त्यांची कुरकुर कशाबद्दल आहे ते समजून घ्यायचा ती प्रयत्न करते. ती कुरकुर खोटी नाही. १९४७ च्या व्यवस्थेत ब्रिटिश सैन्यातल्या गोरख्यांचा पगार भारतीय लष्कराच्या श्रेणीशी जोडला गेला, त्यामुळे त्यांचं निवृत्तिवेतन सोबत लढलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या तुलनेत फार कमी राहिलं. १९९७ च्या आधी निवृत्त झालेल्या गोरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क २००९ मध्ये, मोठ्या लोकचळवळीनंतर मिळाला. त्यानंतर कित्येक म्हातारी जोडपी इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटसारख्या लष्करी गावांत जाऊन राहिली. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्यावर चांगली इंग्रजी कथा माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती लिहिली जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इथे या साहित्याची मोठी उणीव सांगायलाच हवी. परदेशी गेलेले बहुसंख्य नेपाळी अमेरिकेत नाहीत. ते कतार, सौदी, अमिराती आणि मलेशियात आहेत, आणि भारतात आहेत. आखातात कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सोडली की राहण्याचा हक्कही जातो, आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सर्रास चालत आलं आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर जाणाऱ्यांच्या रांगा लागतात आणि तिथेच शवपेट्याही उतरतात. इंग्रजी कथांमध्ये हा माणूस फार कमी दिसतो, आणि याचं कारण उघड आहे. इंग्रजीत लिहिणारे बहुतेक लेखक काठमांडू किंवा दार्जिलिंग-सिक्कीमच्या इंग्रजी शाळांतून आलेले आहेत. ते विद्यार्थी व्हिसावर गेले, मजुरीच्या परवान्यावर नाही. लेखक आपल्या विमानातल्या सहप्रवाशांबद्दल लिहितो.

भारतातला नेपाळी तर आणखी अदृश्य आहे, आणि हे आपल्या दाराशी आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे रखवालदार आपण ओळखतो, निदान चेहऱ्याने. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत हंगामभर राखण करणारे आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जाणारेही मोठ्या संख्येने नेपाळी आहेत. बागेतल्या खोपटात राहून ते आपले आंबे सांभाळतात. त्यांच्या गोष्टी ना इंग्रजीत आल्या, ना मराठीत.

याला काही अपवाद आहेत, आणि ते आडवाटेने येतात. सुष्मा जोशी यांच्या ‘द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२००८) या संग्रहात ‘चीज’ नावाची कथा आहे. काठमांडूतल्या एका घरात काम करणारा मुलगा. घरातलं माणूस स्वित्झर्लंडहून येतं, सोबत चीज येतं, आणि ते वाटताना त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढे कित्येक वर्षं ती चव त्याच्या मनात राहते. एके दिवशी स्वतःच्या पैशांनी तो चीज विकत घेतो. त्याला ते कसं लागलं ते मी इथे सांगत नाही, तुम्ही वाचा. परदेश हा न गेलेल्या माणसाच्याही आयुष्यात शिरतो आणि तिथलीही उतरंड ठरवतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवलं असेल.

वाचायला सुरुवात करायची तर ‘द गुरखाज डॉटर’पासून करावी. भाषा सोपी आहे आणि नेपाळीभाषकांचा नकाशा डोक्यात तयार होतो. मग ‘टिल्ड अर्थ’. त्यात काही कथा अगदी पान-दोन पानांच्या आहेत, त्या घाईने संपवू नयेत. ‘मॅड कंट्री’ त्यानंतर. रवी थापा यांचा ‘नथिंग टु डिक्लेअर’ (२०११) हा काठमांडूच्या शहरी तरुणांच्या कथांचा संग्रह, त्याचं नाव विमानतळावरच्या कस्टमच्या पाटीवरून घेतलेलं, तोही जमल्यास मिळवावा. आणि ज्यांना हिंदीची सवय आहे त्यांनी ‘मुनामदन’ मूळ नेपाळीत वाचून पाहायला हरकत नाही. लिपी आपलीच आहे, आणि पहिल्या काही पानांनंतर निम्म्याहून अधिक शब्द ओळखीचे वाटू लागतात.